दोघींचं प्रदर्शन आणि वीस बाय पंधराची खोली

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी चहावाले काका ग्लास घेऊन दालनात आले. भिंतींवर ओळीने माझी छापचित्रं, मधे स्टँडवर माझ्या मैत्रिणीची मातीची कामं. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मातीकडे, आणि निरागसपणे विचारलं, "दोघींची दुकानं वेगवेगळी आहेत का?"

त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही सगळं उतरवून पुन्हा लावलं. काका बरोबर होते. आम्ही खोली वाटून घेतली होती, भाऊबंद शेत वाटून घेतात तशी. छोट्या दालनात दोघांनी मिळून प्रदर्शन करायचं असेल, तर दोघांची कामं कुठे आणि कशी शेजारी येणार हे सगळ्यात आधी ठरवा. फ्रेम, भाडं, पत्रिका, बटाटेवडे हे सगळं त्यानंतर. आम्ही ते सगळ्यात शेवटी ठरवलं. खाली लिहिलंय ते तुमच्याकडून उलट्या क्रमाने होऊ नये म्हणून.

आधी जोड शोधा (सहा ते आठ महिने आधी)

मैत्री हे कारण पुरत नाही. 'आम्ही दोघी एकाच बॅचच्या' हेही पुरत नाही. दोघांनी आपापली वीस-वीस कामं, किंवा निदान त्यांचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट, एका सतरंजीवर पसरावीत आणि बोलणं बंद करून अर्धा तास नुसती सरकवत बसावीत. एकाचं काम दुसऱ्याच्या शेजारी ठेवल्यावर त्यात आधी न दिसलेलं काही दिसायला लागलं, तर ती जोडी बाजूला काढा. अशा तीन-चार जोड्या निघाल्या तर प्रदर्शन आहे. एकही निघाली नाही तर आत्ताच थांबा, दोघांचेही पैसे वाचतील.

आमच्या बाबतीत जोड पाण्याची निघाली. माझ्या वुडकटमध्ये, म्हणजे लाकूड कोरून काढलेल्या छापचित्रांत, बारवेच्या पायऱ्या होत्या, तिच्या कामात रांजणांची तोंडं, फुटके काठ. आम्हाला दोघींनाही हे सतरंजीवर बसेपर्यंत कळलेलं नव्हतं. रंग, आकार, साहित्य, विषय यांपैकी जोड कशाचीही असू शकते. फक्त ती डोळ्यांना दिसली पाहिजे. दालनात लावायच्या निवेदनात लिहून समजावावी लागत असेल तर ती जोड नाही.

दालन

महाराष्ट्रात दालनं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. एक, भाड्याची: पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन किंवा घोले रोडचं राजा रवी वर्मा कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन, मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी. तुम्ही दिवसाचं किंवा आठवड्याचं भाडं भरता, विक्री तुमची, डोकेदुखीही तुमची. दुसरी, खासगी गॅलरी: भाडं बहुधा नाही, पण विक्रीवर ३० ते ५० टक्के कमिशन, आणि काय लावायचं यात गॅलरीवाल्यांचं मत.

जहांगीर १९५२ पासून आहे आणि तिथे अर्ज केल्यापासून तारीख मिळेपर्यंत काही वर्षं जातात. अर्ज जरूर टाकून ठेवा, पण तोवर हात बांधून बसू नका. छोट्या जागेची लाजही बाळगू नका. केकू आणि खोर्शेद गांधींची केमोल्ड गॅलरी १९६३ मध्ये याच जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर, अगदी आटोपशीर जागेत सुरू झाली आणि २००७ पर्यंत तिथेच होती. भारतीय आधुनिक कलेतली किती मोठी नावं त्या छोट्या खोलीत लागून गेली!

दालन बघायला टेप घेऊन जा आणि दोनदा जा, एकदा भर दुपारी आणि एकदा संध्याकाळी. खिळा ठोकू देतात की वरच्या पट्टीवरून साखळीनेच टांगायचं, हे विचारा. भिंत विटांची आहे की जिप्समची, ते बोटाने ठोकून ऐका. वीज गेली तर काय, रात्री कुलूप कोणाकडे, स्वच्छतागृह आहे का, तीनचाकी किंवा टेम्पो दारापर्यंत येतो का? आणि भिंतीला ओल आहे का? या प्रश्नाचं उत्तर माणसं देत नाहीत, भिंतीचा खालचा एक फूट देतो. रंगाचे पापुद्रे दिसले तर कागदावरची कामं तिथे नकोत.

तारीख ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात बघा. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो, काचेआड बुरशीचे तपकिरी ठिपके येतात, आणि माणसं भिजत येत नाहीत ती नाहीतच. मार्चमध्ये परीक्षा.

पैशाचं बोलणं

भीड भिकेची बहीण, हे इथे शंभर टक्के लागू. दोघांमध्ये एक पानाचा कागद करा, तारीख घाला, सह्या करा. वकील नको. त्यात एवढं असावं: भाडं, पत्रिका, फोटो, चहापाणी, वाहतूक हे सामाईक खर्च निम्मे-निम्मे. फ्रेम, स्टँड, कामाचं साहित्य ज्याचं त्याचं. विक्रीचे पैसे ज्याच्या कामाचे त्याला. एकाची बरीच कामं गेली आणि दुसऱ्याचं एकही गेलं नाही, तरी सामाईक खर्चाची वाटणी बदलणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, म्हणूनच ते लिहायचं.

खासगी गॅलरी असेल तर तिच्याशी वेगळा कागद हवा. कामांची यादी किमतींसह, कमिशन किती, सवलत दिली तर ती कोणाच्या हिश्शातून, पैसे किती दिवसांत मिळणार, दालनात असताना काम खराब झालं तर भरपाई कोण देणार. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी मी एका ठिकाणी 'किती दिवसांत' हे विचारलं नव्हतं. पैसे पुढच्या दिवाळीला आले.

खोली कागदावर उतरवा

वीस बाय पंधरा फुटांची खोली धरू. चारही भिंती मिळून ७० फूट. दार, खिडकी, स्विचबोर्ड वजा जाता हातात साधारण ६० फूट. चित्रांची एकूण रुंदी याच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ३० फुटांपेक्षा, जास्त होऊ देऊ नका. दोन फूट रुंदीच्या फ्रेमा असतील तर जास्तीत जास्त पंधरा, आणि मला विचाराल तर बारा. आम्ही बावीस नेल्या होत्या. दहा परत आल्या, त्यांच्या फ्रेमांचे पैसे मात्र गेलेच.

ग्राफ पेपरवर एक फुटाला दोन सेंटिमीटर असं प्रमाण घेऊन भिंती काढा, कामांचे त्याच मापाचे तुकडे कापा आणि त्यावर सरकवा. मधल्या जागेचाही नकाशा काढा. दोन स्टँडच्या मधे निदान तीन फूट मोकळे हवेत. खांद्याला पर्स किंवा पाठीला सॅक लावलेला माणूस वळतो तेव्हा त्याचा घेर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. चाकाच्या खुर्चीवरून कोणी येणार असेल तर चार फूट ठेवा.

सतरंजीवर सापडलेल्या जोड्या पहिल्यांदा नकाशावर ठेवा. एक जोडी दारातून आत आल्या आल्या समोर दिसेल अशी, एक कोपऱ्यात. कोपरा ही छोट्या दालनातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. त्या रात्री आम्ही बारवेचं सर्वात काळं छापचित्र कोपऱ्याजवळच्या भिंतीवर घेतलं आणि त्याच्या पायाशी, जेमतेम चौदा इंच उंचीच्या पाटावर, तिचं एक पसरट परातीसारखं भांडं ठेवलं. त्याच्या तळाशी निळसर ग्लेझ, म्हणजे मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा लेप, साचलेलं होतं. बघणारा आधी पायऱ्या उतरायचा आणि मग त्याची नजर आपोआप खाली जायची. सात दिवसांत सगळ्यात जास्त वेळ लोक तिथे थांबले. शेजारची अख्खी भिंत आम्ही मोकळी सोडली होती. एका पाहुण्यांनी विचारलं, "इथलं विकलं गेलं का?" मी नुसतं हसले.

उरलेली कामं या जोड्यांभोवती भरा. एक तुझं, एक माझं असं आलटून पालटून लावू नका, ते सतरंजीच्या पट्ट्यांसारखं दिसतं.

फ्रेम आणि स्टँड (दोन महिने आधी)

फ्रेमवाल्याकडे दोघांनी एकत्र जा. दोघांचीही कामं भिंतीवर असतील तर चौकटीची पट्टी एकच ठेवा, साधी, पाऊण ते एक इंचाची. एकाची सोनेरी आणि एकाची काळी असली की पुन्हा दोन दुकानं.

कागदावरच्या कामाला माउंट, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती येणारी पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्त बोर्डाचाच मागा. साधा बोर्ड काही वर्षांत पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा चित्राला देतो. चित्र चिकटपट्टीने अजिबात चिकटवू देऊ नका, वरच्या बाजूला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने. काच आणि कागद यांच्यात माउंटची जाडी राहिली पाहिजे, नाहीतर दमट हवेत शाई काचेला धरते. तैलरंग जाड असेल तर तो वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असू शकतो, त्याला महिने लागतात. म्हणून प्रदर्शनासाठी शेवटच्या पंधरवड्यात नवं तैलचित्र करायचा मोह टाळा.

स्टँड सुताराकडून प्लायचे करून घ्या. हातात मावेल अशा भांड्याला ३६ ते ४२ इंच उंची ठीक. तळाशी वाळूची पिशवी टाकायची सोय हवी, म्हणजे धक्का लागला तरी स्टँड डोलत नाही. भांड्याच्या बुडाला मेणासारख्या चिकट पुटीच्या तीन गोळ्या लावून ते स्टँडला बसवा. हे सगळं मला आता इतकं नेमकं माहीत आहे, कारण उद्घाटनाच्या संध्याकाळी एका चिमुरड्याने पळत येऊन एका स्टँडला मिठी मारली. वाळू होती म्हणून वाचलो.

किंमत

कॅनव्हासवर काम करणारे बरेचजण चौरस इंचाचा दर धरतात. २४ बाय ३६ चं चित्र म्हणजे ८६४ चौरस इंच, दर २५ रुपये, तर किंमत २१,६००. गॅलरीचं कमिशन ४० टक्के असेल तर हातात १२,९६०. त्यातून फ्रेम आणि रंग वजा करून बघा, मगच दर ठरवा. छापचित्रांना हा हिशोब लागत नाही, तिथे आवृत्ती किती हे महत्त्वाचं. दहा प्रती काढल्या असतील तर प्रत्येकीवर पेन्सिलने तिचा आकडा, तिसरी असेल तर ३/१० असा, आणि सही, आणि अकरावी प्रत काढायची नाही म्हणजे नाही.

दोघांच्या किमतींत फार तफावत असेल तर आधी एकमेकांना सांगा, यादी छापून आल्यावर नको. समान किमती लावायची गरज नाही. ओळखीच्या माणसाला सवलत द्यायची तर किती, तेही दोघांचं एकच ठरलेलं असू द्या. मावशीला वीस टक्के दिले ही बातमी दालनात दहा मिनिटांत फिरते.

मजकूर

निवेदन मराठीतच सुचू द्या आणि मराठीतच लिहा. इंग्रजीतून उतरवलेल्या निवेदनांत 'अवकाश', 'अंतर्मनाचा शोध', 'अस्तित्वाचे पदर' असलं काहीबाही येतं आणि वाचणारा मान डोलावून पुढे जातो. दोघांचं मिळून दीडशे शब्दांचं एकच निवेदन पुरे. काय, कधी, कशाने केलं आणि एकमेकांच्या कामात काय दिसलं, एवढं. कामाखालच्या पट्टीवर नाव, वर्ष, माध्यम, माप. माध्यम सविस्तर लिहा: 'वुडकट, हातकागदावर तेलाची शाई'. हातकागद हा शब्द वाचून कितीतरी लोक बोलायला येतात. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, कोणाचे तरी वडील तिथून लग्नपत्रिका आणायचे, आणि गप्पा सुरू होतात.

पट्ट्या सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर, अक्षर निदान १८ पॉइंट. कमरेत वाकून वाचावं लागतं तिथे सत्तरीचे लोक वाचत नाहीत, आणि आपल्या दालनांत नेमाने येणारे बरेच लोक सत्तरीचे असतात.

पत्रिका तीन आठवडे आधी व्हॉट्सॲपवर, आणि पुन्हा दोन दिवस आधी. वर्तमानपत्रांसाठी अर्ध्या पानाचं प्रसिद्धीपत्रक आणि एकच चांगला फोटो, तोही दोघांची कामं एकत्र दिसणारा.

कामं लावायचा दिवस

अख्खा दिवस राखून ठेवा. छोटा हत्ती टेम्पो सकाळी आठला बोलवा. फ्रेमा आडव्या रचू नका. उभ्या, काचेला काच आणि पाठीला पाठ अशा, मधे पुठ्ठा घालून. सोबत न्यायचं: टेप, पेन्सिल, लेव्हल, ओळंबा, ड्रिल, भिंतीच्या भोकात बसवायचे प्लग आणि स्क्रू, कात्री, सुती हातमोजे, काचेसाठी जुन्या धोतराचा तुकडा, भोकं बुजवायची लांबी (पुटी), ती लावायचा पत्रा, थोडा पांढरा रंग आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्ड हमखास विसरतो.

आधी सगळं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा, नकाशाप्रमाणे. मग दारात उभं राहून बघा. काहीतरी बदलेलच. बदल आत्ता करा, भोकं पाडल्यावर नको.

उंची अशी काढतात. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून ५८ इंचांवर, म्हणजे साधारण नजरेच्या रेषेत. समजा फ्रेम ३० इंच उंच आहे. तिचं निम्मं १५. मागची तार ताणली की फ्रेमच्या वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. तर स्क्रू ५८ अधिक १५ वजा ३, म्हणजे ७० इंचांवर. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी ताणली जाते, म्हणून प्रत्येकीसाठी हे गणित पुन्हा करायचं. लहान-मोठ्या फ्रेमांच्या वरच्या कडा एका रेषेत आणायच्या फंदात पडू नका, मध्य एका रेषेत आणा.

अंतराचं गणितही सोपं. भिंत १५ फूट, म्हणजे १८० इंच. २० इंचांच्या चार फ्रेमा, ८० गेले, १०० उरले. फ्रेमांमधली तीन अंतरं १६ इंचांची, म्हणजे ४८. उरलेल्या ५२ मधून दोन्ही टोकांना २६-२६.

खिळा ठोकू देत नाहीत तिथे साखळी आणि एस हुक वापरा. तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, दिसायला छान, पण त्याची गाठ सरकते. माझं एक छापचित्र रात्रीतून असंच खाली बसलं होतं, सुदैवाने सरळ. तंगूसच वापरायचा असेल तर दुहेरी घ्या, धातूची दाबकडी लावा आणि एक रात्र वजन टांगून तपासा.

दिवे सगळ्यात शेवटी. दिव्याचा झोत उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत आला की काचेवर चकाकी कमी येते. ३००० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे, आणि रंग खरे दाखवणारे म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे एलईडी मागा. संग्रहालयांत कागदावरच्या कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंदच, प्रकाश देतात. आठवडाभराच्या प्रदर्शनात इतकं कडक राहायची गरज नाही, पण थेट ऊन कागदावर पडता कामा नये. भांड्यांना दोन बाजूंनी प्रकाश दिला की सावली मरते आणि भांडं सपाट दिसतं. एकाच बाजूने द्या.

सगळं लागलं की दालनातल्या कोणालातरी, शिपायाला, शेजारच्या दुकानदाराला, चहावाल्या काकांना आत बोलवा आणि गप्प उभ्या राहा.

उद्घाटन आणि सात दिवस

समई कागदाच्या कामांपासून दूर, दाराबाहेर उत्तम. शाल-श्रीफळ, परिचय, आभार हे वीस मिनिटांत आटपा. पाहुणे म्हणून नाव मोठं असलेल्यापेक्षा वेळेवर येणारा माणूस बोलवा. खाणं दालनाबाहेर, तेलकट बोटं कामांपासून लांब. खरी गंमत रविवारी सकाळी अकराला ठेवा. दहा-पंधरा जणांना घेऊन दोघांनी फिरायचं, पण आपल्या कामाबद्दल नाही, एकमेकांच्या कामाबद्दल बोलायचं. मी तिच्या मातीबद्दल बोलताना अडखळले, तेव्हा मागून एका आजींनी भट्टी कशी लावायची ते सांगायला सुरुवात केली. त्या कुंभारवाड्यात वाढलेल्या होत्या. पुढचा अर्धा तास त्यांचाच.

दोघांपैकी एक कायम दालनात हवा, जेवणाच्या वेळेतसुद्धा. कोणी आत आलं की लगेच अंगावर जाऊ नका. दोन मिनिटं बघू द्या. 'हे कशाचं आहे?' या प्रश्नाला कंटाळू नका, सरळ उत्तर द्या. अभिप्राय वहीला पेन दोरीने बांधा.

काम विकलं की पट्टीवर लाल टिकली. निम्मे पैसे लगेच, उरलेले काम नेताना. प्रदर्शन संपेपर्यंत काम भिंतीवरच राहील हे आधी सांगा.

विकल्यानंतर काय तुमचं उरतं

पावतीवर कामाचं नाव, माध्यम, माप, वर्ष, किंमत लिहा, सोबत सहीचं प्रमाणपत्र द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रं, मूळ छापचित्रं आणि शिल्पांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असणाऱ्याला महाराष्ट्रात वस्तूंसाठी सहसा नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विकत असाल तर सीएला विचारून घ्या.

चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, लिहून दिलं नसेल तर तो हक्क चित्रकाराकडेच राहतो, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. तेव्हा चित्र घेणाऱ्याने ते पुढच्या वर्षी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर द्यायचं ठरवलं तर तुमची परवानगी आणि वेगळं मानधन लागतं. एक अपवाद लक्षात ठेवा: कोणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट असेल, तर वेगळं ठरलं नसल्यास हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. अशा वेळी कागद आधी करा.

उतरवणं

शेवटच्या संध्याकाळी सगळे मित्र गायब होतात, म्हणून दोन माणसं आधीच सांगून ठेवा. उतरवण्यापूर्वी दालनाचे, माणसं नसलेले, चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. पुढच्या अर्जाला तेच लागतात. विकलेली कामं आधी बांधा, त्यांवर नाव आणि पत्ता लिहा, यादीवर खूण करा. मग बाकीची. स्क्रू काढा, भोकांत लांबी भरा, वाळली की घासून वर पांढरा हात. आमच्या कोपऱ्यातल्या भिंतीला एकच भोक होतं, मोकळ्या भिंतीला एकही नाही. दालनाचे व्यवस्थापक बॅटरी घेऊन भिंत तपासायला आले आणि दोन मिनिटांत अनामत रक्कम परत करून गेले.